एका खुंट्याला दोन हात

अहो, त्या जात्यावर पाय नका ठेवू! चपला राहू द्या पायात, इथं कोणी काही म्हणत नाही. पण जात्याला पाय लागला, तर आमच्या शेवरगव्हाणच्या बाया तुम्हाला चहा द्यायच्या नाहीत. हसता काय? पुण्याहून आलेला प्रत्येक पाहुणा आधी हेच विचारतो, की चर्चच्या ओट्यावर जातं कशाला? बसा या पायरीवर. मी शांतवन, इथल्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा पंच. आमचा अहरोन विहिरीवरून येईपर्यंत मला वेळच आहे.

समोर तलाव दिसतो ना, तो पूर्वी नव्हता. माझी आजी लग्न होऊन आली तेव्हा तिथं नुसता ओढा होता आणि काठानं खालच्या आळीची शेतं. वरची आळी इथं माळावर. दोन्ही आळ्या ख्रिस्ती, मंडळी एकच. प्रभुभोजनाला पाळक मोडून सगळ्यांना वाटतात ती भाकर ज्वारीची व्हायची. तिचं पीठ आदल्या दिवशी दोघी मिळून दळायच्या, वरच्या आळीची राहेलबाई आणि खालच्या आळीची तबिथाबाई. एकीनं ओवी धरायची, दुसरीनं पुरी करायची. जिवाभावाच्या मैत्रिणी म्हणे.

मग सरकारनं ओढा अडवून तलाव बांधायचं काढलं. वरच्या आळीला पाणी मिळणार, खालच्या आळीची शेतं बुडणार. राहेलबाईची सून लांबच्या विहिरीवरून हंडे वाहताना पडली आणि कमरेतून कायमची अधू झाली. राहेलबाईला तलाव हवाच होता. तबिथाबाईच्या नवऱ्याची कबर तिच्या शेताच्या बांधावर. ती म्हणायची, "मी काय त्याला पाण्यात ठेवू?" आता तुम्हीच सांगा, यात खोटं कोण?

चुकले ते आमचे गमालियल पाळकसाहेब. माणूस देवाचा, पण तरुण. मोशेनं खडकातून पाणी काढलं त्यावर उपदेश करता करता बोलून गेले, "जो तलावाला नाही म्हणतो, तो देवाला नाही म्हणतो." झालं! तबिथाबाई उठली आणि तिच्यामागं सगळी खालची आळी उठून चालू लागली.

पुढच्या प्रभुभोजनाला साहेब मेजाशी आले, तर मेजावर दोन भाकरी. एक वरच्या आळीची, एक खालच्या आळीची. त्या दिवशी खालची आळीही झाडून आली होती. साहेब कुठली भाकर मोडतात, इकडं सगळ्यांचे डोळे. असं सांगतात, की साहेबांनी एकीलाही हात लावला नाही. गुडघ्यावर बसले आणि रडत म्हणाले, "मी माझं मत देवाच्या तोंडी घातलं. मला क्षमा करा. पण ही फूट मी वाटणार नाही. ज्यांचं पटत नाही अशा दोघांनी एका खुंट्याला हात लावून पीठ दळावं, तेव्हाच मी हे मेज मांडीन." नवसच केला म्हणा ना! राहेलबाईचं जातं उचलून त्यांनी इथं ओट्यावर आणवलं.

पण आधी कोण येणार? हे म्हणायचे त्यांनी यावं, ते म्हणायचे आमचंच काय अडलंय. नाताळ आला आणि प्रभुभोजनाशिवाय गेला. घरोघरी करंज्या तळल्या, पण घास गोड लागेना, असं आजी सांगायची.

तेव्हापासून राहेलबाई दर शनिवारी सुपात ज्वारी घेऊन जात्यापाशी येऊन बसायला लागली. एकटीला जातं ओढवत नव्हतं असं नाही, बाई दणकट होती. पण खुंट्याला हात लावायची नाही. ऊन उतरलं की सूप उचलून घरी. तिच्याच आळीतले लोक चेष्टा करायचे. "तलाव तर होणारच आहे, तुला ती कशाला हवी?" ती म्हणायची, "तलाव आला आणि तबिथा गेली, तर ते पाणी मी कुणाच्या तोंडाकडं बघून पिऊ?"

एका शनिवारी तबिथाबाई आली. उभ्यानंच म्हणाली, "तलाव मला नकोच आहे."

"मला हवाच आहे."

"मग?"

"मग बस की. हात लाव."

बसली. राहेलबाईनं ओवी धरली, "दळण मांडिलं, प्रभूच्या जेवणाला." जातं फिरतंय, पीठ पडतंय, पण पुढची ओळ येईना. राहेलबाईनं तीच ओळ परत म्हटली. मग तबिथाबाईला कंठ फुटला, "हात तुझा लाव बाई, माझ्या या खुंट्याला," आणि दोघी हमसून हमसून रडल्या.

रडल्या म्हणजे मिटलं, असं नका समजू! दळण होईपर्यंत दोघी कडाकडा भांडल्या. फक्त एक केलं. जात्यात वैरण, म्हणजे दाण्यांची मूठ घालणारीनं ऐकायचं आणि हातातली मूठ रिकामी झाली, की मग बोलायचं. म्हणे त्या दिवशी सुपातली ज्वारी संपेचना, सगळी मंडळी जेवून पीठ उरलं. आजी म्हणायची, कसला चमत्कार घेऊन बसलात, यांचं भांडण संपेना म्हणून शेजारणी सुपात ज्वारी ओतत होत्या.

तलाव व्हायचा तो झालाच. पाणी चढलं त्या दिवशी राहेलबाई तबिथाबाईचा हात धरून काठावर उभी होती, कबर दिसेनाशी होईपर्यंत. खालची आळी वर येऊन राहिली. तबिथाबाईचं घर राहेलबाईच्या दाराशीच झालं. पण तलावाचं पाणी तिनं मरेपर्यंत तोंडात घेतलं नाही. "माझा माणूस आहे त्यात," म्हणायची. जुनी विहीर लांब आणि हिचे पाय थकलेले. मग तिच्यासाठी रोज पाणी कोण आणायचं? राहेलबाई. ज्या वाटेनं सून अधू झाली, जी वाट सुटावी म्हणून तलाव मागितला, त्याच वाटेनं रोज हंडा घेऊन. आणि हं, तलाव चांगलाच झाला, असं ती शेवटपर्यंत म्हणत होती.

आजही आमच्या प्रभुभोजनाची ज्वारी तलावाच्या पाण्यावर पिकलेली असते, आणि पीठ मळायला पाणी त्या जुन्या विहिरीचं. दळायला बसतात ते ज्यांचं सगळ्यात जास्त वाजलेलं असतं ते दोघे. बाया असोत नाही तर माझ्यासारखे मिशीवाले. या खेपेला पाळी माझी आणि अहरोनची. डोंगरावर पवनचक्क्या याव्यात का नकोत, यावरून भर ग्रामसभेत आम्ही एकमेकांची लाज काढली. त्याचं साफ चुकतंय, आणि आज जात्यावरही मी हेच सांगणार.

तो बघा आलाच विहिरीवरून. गुडघा धरलाय त्याचा, तरी पाणी मीच आणतो म्हणून हटून बसला. थांबा हं जरा. आधी त्याच्या खांद्यावरची घागर उतरवून घेतो, मग भांडतो.