खांबाला बांधलेला शेला

एका राज्यात राजापेक्षा सभा थोरली होती आणि तिथल्या लोकांना त्याचा कोण अभिमान होता. त्या राज्यातल्या सरोवराचे पाणी एका सकाळी काच झाले. घागर टेकवावी तर खळ्ळकन वाजे, थेंब काही निघेना. मासे आत होते तिथेच थबकले.

तळाशी राहणाऱ्या यक्षाने मैनेकरवी निरोप धाडला. सभेच्या तुळईवर बसून मैना म्हणाली, "यक्षाचा हार चोरीला गेला आहे. ज्याने चोरी पाहिली, त्याने सभेपुढे उभे राहून आपल्या तोंडाने सांगावे. तोवर पाणी नाही."

पाहणारा कोण, हे साऱ्यांना ठाऊक होते. सरोवरात नौका फक्त थोरल्या महाराजांची असे. ते आता हयात नव्हते, पण नौकेतून फिरत तेव्हा सोबत एकच माणूस असे. तो म्हणजे माजी अमात्य शार्ङ्गधर.

पण त्या राज्याची एक रीत होती. पद सोडताना अधिकारी आपला शेला सभेच्या खांबाला बांधी आणि सभा एकमुखाने म्हणे, "तुमचे सांगून झाले." पुढे त्याला कोणी काही विचारत नसे. निरोपाच्या त्या सोहळ्यात भल्याभल्यांचे डोळे पाणावत. त्यात काही खोट असेल असे कोणाच्या मनातही आले नव्हते.

सभानायिका इंदुमतीने आधी पालखी पाठवली. पालखी परतली ती आंब्यांची करंडी घेऊन. शार्ङ्गधर काही आला नाही. मग मैना गेली. तिला त्याने डाळिंबाचे दाणे घातले आणि सांगितले, की मी थोरल्या महाराजांना मौनाचे वचन दिले आहे, शिवाय माझा शेला खांबाला आहे.

इकडे विहिरी आटत चालल्या. लोक गाड्या भरू लागले. आपले नगर आपल्याच डोळ्यांदेखत ओस पडणार, या विचाराने इंदुमतीचे काळीज तुटत होते. कोणी म्हणाले, मांत्रिक आणून शार्ङ्गधराची जीभ सोडवा. तिने साफ नकार दिला. यक्षाला साक्षीदाराचा शब्द हवा होता, मांत्रिकाचा नव्हे. शार्ङ्गधराला आज्ञेने आणू असे तिने म्हटल्यावर मात्र सभेतले निवृत्त अधिकारी चुळबुळू लागले. आंबे खाताना त्यांना एवढी अडचण झाली नव्हती.

वृद्ध सेनापती रणधवल उठले. "आज त्याला ओढलेत, तर उद्या आम्हाला ओढाल. मग राजाला मोकळेपणी सल्ला कोण देईल?"

"सल्ला त्याचा त्याच्यापाशी राहू द्या," इंदुमती म्हणाली. "सरोवर आपल्या सर्वांचे आहे. त्याच्याविषयी विचारायचा हक्क सभेचा आहे."

एवढे बोलून ती खांबाकडे गेली आणि तिने आधी स्वतःचा शेला सोडला. पूर्वी ती धान्यकोठारांची अधिकारी होती. साक्षीच्या शिळेवर उभी राहून तिने सांगितले, विचारा. मागून एका म्हातारीने विचारले, "दुष्काळात कोठारे उशिरा का उघडलीत?"

"घाबरले होते," इंदुमती म्हणाली.

मग रणधवलांनी उठून आपला शेला सोडला. एकेक करत सारे उठले. तिसऱ्या खेपेला शार्ङ्गधराकडे त्याचा सोडलेला शेला गेला आणि सोबत आज्ञा: चालत या, नाहीतर शिपाई आणतील.

तो चालत आला. शिळेवर उभा राहून त्याने तरुण राजा जयकेतूकडे पाहिले. "महाराज, मला वचनातून मोकळे करा."

राजा सिंहासनावरून उतरला. "वडिलांचा वारस म्हणून मोकळे करतो. केले नसते, तरी सभेपुढे तुम्हाला सांगावेच लागले असते."

"हार आपल्या मुकुटात आहे," शार्ङ्गधर म्हणाला. "थोरल्या महाराजांनी तो पाण्यातून काढला. सोनाराने जडवला, तेव्हा दिवा मी धरला होता."

बाहेर काच तडकल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ लाटांचा. जयकेतूने मुकुट काढला, काठापर्यंत चालत गेला आणि आपल्या हाताने तो पाण्यात सोडला.

तेव्हापासून त्या राज्यात राजा साधी पगडी घालतो, आणि ती पाहुण्याला दाखवताना लोकांची छाती फुगते. शेले अजूनही खांबाला बांधतात, पण सुरगाठीने. ती पहिली सुरगाठ शार्ङ्गधराने स्वतः मारली. सभा आता म्हणते, "तुमचे सांगून झाले. पुन्हा लागले तर बोलावू." आणि जाणारा मान ताठ ठेवून उत्तर देतो, "येईन."