सारखे टक्के, निराळी वीण

एकदा एका वृद्ध रसायनाचार्यांकडे एक शिष्या काम करीत होती. घरी सहा महिन्यांचं तान्हं. त्यामुळे भीती सतत तिच्या सोबतीला.

एका व्यापाऱ्याला तान्ह्यांच्या दुधाच्या बाटल्या करायच्या होत्या. त्यासाठी प्लास्टिकचे दाणे पारखून मंजूर करणं शिष्येकडे होतं. प्रोपिलीनच्या लांब साखळीत थोडं इथिलीन गुंफलं, की प्लास्टिक मऊ आणि नितळ होतं. ही गुंफण उत्प्रेरक करतो. नव्या प्रकारचा उत्प्रेरक महाग, म्हणून व्यापाऱ्याने जुन्या प्रकारच्या उत्प्रेरकावर केलेले दाणे आणले, आणि तुलनेला नव्यावरचेही थोडे.

"इथिलीन दोन्हींत तेवढंच आहे ना, बाई? मग आमटीला फोडणी कुणी का घालेना! द्या मंजुरी."

टक्के खरोखर जुळत होते. तरी तिच्या तोंडून 'हो' निघेना. उकळलेली बाटली, कोमट दूध, ते चोखणारं इवलं तोंड... सारं डोळ्यांपुढे आलं. आपण शास्त्र शिकलो की नुसतं घाबरायला, कोण जाणे!

तिने दोन्ही दाणे आचार्यांपुढे नेऊन ठेवले. त्यांनी टक्क्यांकडे पाहिलंही नाही. प्लास्टिकमधलं सुटं तेवढं ओढून घेणाऱ्या द्रावकात त्यांनी दोन्ही दाणे वेगवेगळे तापवले आणि गाळलेला द्रव दोन काचांवर सुकत ठेवला. शिष्येचा जीव टांगणीला. काही निघालं तर व्यापारी खवळणार. न निघालं तर आपलं हसं.

"टेकवा बोट," आचार्य व्यापाऱ्याला म्हणाले.

नव्याची काच जवळपास स्वच्छ होती. जुन्याच्या काचेला बोट चिकटलं.

"जुन्या उत्प्रेरकावर जोडणीच्या जागा अनेक," आचार्य म्हणाले, "आणि प्रत्येकीचा स्वभाव निराळा. एक इथिलीनला दारातही उभं करीत नाही, दुसरी आखूड साखळ्यांत त्याची खैरात करते. सरासरी बरोबर येते. पण त्या आखूड, चिकट साखळ्या सुटून दुधात उतरू शकतात. नव्याच्या साऱ्या जागा एका स्वभावाच्या. प्रत्येक साखळीला सारखा वाटा."

"म्हणजे मी उगाच भ्याले नव्हते, सर?"

"भीतीचंही वाटपच पाहावं, मुली. पोटात साचली तर हात हलू देत नाही. कामात थोडी थोडी गुंफली, तर तिलाच दक्षता म्हणतात."

रुमालाला बोट पुसत व्यापारी पुटपुटला, "माल पडून राहील हो माझा."

"राहू दे. याच्या बाटल्या व्हायच्या नाहीत," ती म्हणाली.

आवाज कापत होता. शब्द मात्र स्पष्ट ऐकू आले.