वेणू पाणी बघायला गेली

त्या मुलखात 'खाली' हा शब्द उच्चारायला मनाई होती. मनाई कधी झाली ते कोणाला नीट आठवत नव्हते. राजा उंटाच्या आजोबांच्या काळात झाली असावी. उंटांची मान मुळातच वर, त्यामुळे त्यांना या नियमाचा जाच कधी झाला नाही. बाकीच्यांनी जुळवून घेतले. फळ झाडावरून पडले की ते 'भेटीला आले' म्हणत. टेकडी चढत आणि मग नुसतेच 'घरी येत'. सभेत मान वर करून बसायचे असे, आणि ज्याची मान लवकर दुखे त्याच्याकडे शेजारी संशयाने पाहत. कोणाच्या तोंडून शब्द निघालाच, तर त्याला घरच्यांसकट कड्यापलीकडे हाकलून देत.

तळे आटून तीन वर्षे झाली होती. दव चाटून आणि निवडुंगाचा गर चघळून सगळे दिवस काढत होते. डोंगरांपलीकडे कुठेतरी पाणी असणार याबद्दल मतभेद नव्हता, वाद फक्त दिशेचा होता. म्हणून उंटाने परमुलखातून एक रॉकेट मागवले. कोणीतरी त्यात बसून उंच जाईल, चारी बाजूंना पाहील आणि पाणी कुठल्या अंगाला आहे ते येऊन सांगेल, अशी योजना ठरली. त्यातल्या येण्याचा विचार कोणी फारसा केला नाही.

रॉकेट सुट्या भागांत आले. लांबलचक खोक्यात जाड पुठ्ठ्याची नळी होती, टोकाला बसवायचा शंकू होता, चार पंख, मोटर, दोरीची गुंडाळी, पॅराशूटसाठी कापड आणि दारूची एक बोटभर पुडी. सोबत जोडणीची माहिती असलेली अकरा पाने होती. मुलखात शिरणारा प्रत्येक कागद आधी खेकड्याकडे जाई, तशी ही पानेही गेली. खेकड्याला वाचता येत नसे. तो एकच शब्द चेहऱ्याने ओळखत असे आणि दिसला की नांगीने कापून काढत असे. पहिल्या दहा पानांना दोन-चार भोके पडली, त्याचे कोणाला काही वाटले नाही. अकरावे पान मात्र रॉकेट जमिनीवर परत कसे आणायचे याबद्दल होते, त्यामुळे त्याची पार चाळण झाली. शिवाय पाने पाठपोट छापलेली होती. पुढच्या बाजूचा शब्द गेला तेव्हा मागच्या बाजूचा एक आकडाही गेला, आणि ती पुडी नेमकी किती वेळाने पेटायला हवी, हेच त्या आकड्याने सांगितले असते.

जोडणीचे काम साळिंदरकाकांकडे आले. ते जुने कारागीर, हात चांगला, स्वभाव भित्रा. पंख त्यांनी एकेक करून चिकटवले, प्रत्येक पंखाचा डिंक दिवसभर वाळू दिला, दोरा लावून नळी सरळ आहे की नाही ते पाहिले. मग सबंध रॉकेट एका दोरीवर आडवे तोलून त्याचा भार टोकाकडे सरकवला, कारण भार शेपटीकडे राहिला तर रॉकेट हवेतच गटांगळ्या खाते. एवढे नीट काम त्या मुलखात कित्येक वर्षांत कोणी केले नव्हते.

पॅराशूट शिवायला गोदी नावाची खार होती. रॉकेटमध्ये बसायला वजनाला हलका आणि डोळ्यांनी तीक्ष्ण असा कोणीतरी हवा होता, आणि उंटाने गोदीच्याच धाकट्या बहिणीला, वेणूला, निवडले. वेणू हरखून गेली. गोदीने तिला पोटच्या पोरीसारखे वाढवले होते. त्या दिवसापासून तिने प्रत्येक शिवण दुहेरी घातली. कापड पुरे झाल्यावर तिने त्याला धोंडा बांधला, कड्यावर गेली आणि धोंडा सोडून दिला. पॅराशूट उघडले, धोंडा झुलत झुलत अलगद टेकला. गोदी तिथेच बसून रडली. कापड चांगले होते, पण ते वेळेवर नळीबाहेर फेकणार होती ती पुडी, आणि पुडीची वेळ कोणाला माहीत नव्हती.

ती खेकड्याकडे गेली. कापलेले तुकडे आहेत का, असे तिने विचारले. खेकडा सभ्य होता. त्याने तिला बसायला दगड दिला आणि तुकडे आपण गिळून टाकतो, तशी रीतच आहे, असे सांगितले. मग ती दरबारात गेली. तो शब्द टाळून प्रश्न कसा विचारायचा याचा तिने वाटभर विचार केला होता.

"महाराज, वेणू वर गेली, तिला पाणी दिसलं. मग पुढे?"

"पुढे आणखी वर," उंट म्हणाला, आणि दरबाराने पायांनी जमीन थोपटून दाद दिली.

शेवटी साळिंदरकाकांनीच ती वेळ शोधून काढली. मोटर किती वेळ जळते आणि रॉकेटचे वजन किती भरते यावरून त्यांनी हिशेब मांडला, उडाल्यापासून अकरा अंक मोजायचे असे ठरवले आणि तेवढी वात कापून पुडीला जोडली. गोदीने पॅराशूटची घडी घातली, दोऱ्या एकमेकींत अडकू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये कोरडी पाने ठेवली. पुडी, तिच्यावर पॅराशूट, त्यावर वेणूची काचेची खिडकी असलेली जागा आणि सगळ्यांत वर शंकू, असे सगळे जिथल्या तिथे बसले. त्या दिवशी तिघेही पोटभर हसले आणि निवडुंगाचा गर वाटून खाल्ला.

उड्डाणाच्या सकाळी तपासणीला मुंगूस आले. रॉकेट आटलेल्या तळ्याच्या काठावर उभे केले होते आणि समोरच्या काठावर, मंचाभोवती, सगळा मुलूख माना वर करून बसला होता. मुंगसाने पंख हलवून पाहिले, मोटरवर टिचकी मारली आणि नळीच्या बगलेतल्या छोट्या दारातून ती पुडी बाहेर काढली.

"ही कशाला?"

साळिंदरकाकांच्या अंगावरचे काटे उभे राहिले. खरे उत्तर एका शब्दाचे होते. त्यांनी गोदीकडे पाहिले, गोदीने जमिनीकडे पाहिले, आणि तेवढ्यात काकांच्या तोंडून निघून गेले, "शोभेची दारू आहे, साहेब."

"मग ती आत कशाला कोंबायची? आत उडाली तर शोभा दिसणार कोणाला? रॉकेट शेंड्याला पोचलं की मंचावरून उडवू," असे म्हणून मुंगसाने पुडी वातीसकट कमरेला खोचली.

गोदीने तोंड उघडले. तो शब्द जिभेच्या टोकावर होता. तो उच्चारला असता तर उड्डाण तिथेच थांबले असते, दोघी बहिणींना कड्यापलीकडे हाकलले असते, आणि वेणू जगली असती. ते सगळे गोदीला त्या क्षणी लख्ख कळत होते. पण काचेआडून वेणूने मान हलवली.

"अक्का, बोलू नकोस. एवढी सगळी तहानलेली बसली आहेत. शंकू आतून ढकलून पॅराशूट मीच बाहेर काढीन ना."

शंकू किती घट्ट बसतो ते गोदीला चांगले माहीत होते. तो घट्ट बसावा म्हणून तिनेच त्याच्या कडेला कापडाची पट्टी गुंडाळली होती. तरीही तिने बहिणीवर विश्वास ठेवला, कारण त्या घडीला तेच सोपे होते. तिने काच पुसली आणि ती बाजूला झाली.

बेडकाने अंक मोजले. मोटर पेटली आणि रॉकेट धुराचा लोट सोडत असे सरळ गेले की साळिंदरकाकांना क्षणभर सगळ्याचा विसर पडला. ते बारीक झाले, सुईएवढे झाले, आणि शेंड्याला पोचून थबकले. नेमक्या त्याच वेळी मंचावर मुंगसाने वात उपटून पुडी पेटवली. फट् आवाज झाला, पांढऱ्या धुराचे एक फूल उमलले आणि सगळ्या मुलखाने जल्लोष केला. अंक बरोबर अकरा झाले होते. काकांचा हिशेब चुकला नव्हता.

वर रॉकेट कुशीवर वळले, मग त्याचे टोक जमिनीकडे झाले. गोदी शंकू सुटण्याची वाट पाहत राहिली. शंकू सुटला नाही.

"अजून वर जातंय," बेडकाने पुकारले. माना जिथे होत्या तिथेच राहिल्या. एक शिटीसारखा आवाज वाढत वाढत त्यांच्या नजरांना पार करून गेला, तळ्याच्या मधोमध धपकन काहीतरी आदळले आणि बसल्या जागी सगळ्यांना हिसका बसला. "आता दिसेनासं झालं," बेडकाने पुकारले, आणि ते खोटे नव्हते.

साळिंदरकाका बाकीच्यांसारखेच मान वर करून बसून राहिले. मान तशी असल्यामुळे त्यांची आसवे मागे ओघळून कानात शिरत होती. गोदी मात्र धावत सुटली. तळ्याच्या भेगाळलेल्या चिखलात फक्त चार पंख वर उरले होते, बाकीचे सगळे आत रुतले होते. ती दोन्ही पंजांनी माती उपसू लागली. नखे तुटली तरी थांबली नाही. हातभर खोल गेल्यावर माती काळी लागली, मग थंड लागली. तिच्या कापडाचा एक कोपरा हाताला आला, तो चिंब होता. तिने तो ओढला तसा खड्डा गढूळ पाण्याने भरू लागला, आणि ती बहिणीला हाका मारत त्या पाण्यातच हात घालून चाचपडत राहिली.

मंचावरून उंट सांगत होता की वेणूला पाणी दिसले असेल, ती आता कुठल्याही क्षणी दिशा सांगेल, तोवर कोणी मान ढळू देऊ नये. खड्डा भरून वाहू लागला. पाणी भेगाभेगांतून सरकत सरकत काठापर्यंत आले आणि पहिल्या रांगेत बसलेल्या सशांचे पाय भिजले. त्यांनी पाय झटकले, थोडे मागे सरकून कोरड्या जागी बसले आणि माना आणखी उंच केल्या.