वडाचे सात वेढे, सहाणेचे सात

आधीच सांगतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. सातवीत शाळा सुटली आणि तेव्हापासून हातात फावडं आहे, पेन क्वचित. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. शब्दही साधेच आहेत, कारण दुसरे मला येत नाहीत. गोष्ट माझी नाही, गावाची आहे. एका माणसाने ती वाचावी म्हणून कागदावर उतरवतो आहे. बाकीच्यांनी वाचली तरी चालेल.

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि शेवटेखारचं मीठ गलबतात भरून जायचं, तेव्हाची ही हकिकत. शेवटेखारला शेत नव्हतं, बाग नव्हती. होते ते मिठाचे वाफे, आणि वाफ्यांना खाडीपासून राखणारा मातीचा बांध. पाणी खारं, वारा खारा, माणसं रडली तरी खारंच. मिठागरात सूर्याला दोन तोंडं असतात. एक वर आकाशात, एक खाली मिठात. वरच्याला डोक्यावरचा पदर अडवतो, खालच्याला काहीच अडवत नाही. म्हणून तिथे राबणाऱ्या बायकांच्या गालांवर, कपाळावर काळपट चट्टे उठायचे. त्याला वांग म्हणतात. ते दुखत नाही, खुपत नाही. पण बघणाऱ्याला खुपतं.

त्या काळी गावात एक समज होता. वांगाची बाई वाफ्यात उतरली तर मीठ काळं येतं. आणि वांगावर इलाज एकच, डाग द्यायचा. विळा तापवून गालावर टेकवायचा. डाग काढायला डाग. कातडी जळायची, वांग जायचं, त्या जागी जन्माचा व्रण राहायचा. पण तो औषधाचा व्रण म्हणून त्याला कोणी नाव ठेवत नसे.

त्याच गावात धक्क्याजवळच्या झोपडीत चांगूआय राहायची. तिचं वय कोणालाच ठाऊक नव्हतं. बाळंतपणं करायची, मुलांना गुटी द्यायची, खाडीपलीकडच्या गावांतही तिला न्यायला होड्या यायच्या. डावा गाल ती कायम पदराने झाकून ठेवायची. बोलायची फार थोडं. चांगूआयचा एक शब्द म्हणजे मिठाचा एक खडा, ज्याने त्याने आपल्या पाण्यात विरघळवून घ्यावा, असं म्हणतात.

एकदा खोताची बायको मेण्यात बसून तिच्याकडे आली. म्हणाली, "मला गोरं कर."

चांगूआय म्हणाली, "डाग असला तर दाखव."

"डाग नाही. रंग सावळा आहे."

"मग तो तुझा हाय. तुझी वस्तू मी कशाला नेऊ?"

मेणा आला तसा परत गेला.

मार्गशीर्षात शेवटेखारला नामी नावाची मुलगी सून होऊन आली. नवरा गलबतावर खलाशी, तो लग्नानंतर आठव्या दिवशी समुद्रात गेला. नामीला आई नव्हती. बापाने आणि दोन भावांनी वाढवलेली, डोंगराकडच्या गावातली. तिने कधी मीठ पिकताना पाहिलं नव्हतं. पण कामाला वाघीण. उन्हात पहिली उतरायची, शेवटची वर यायची. महिन्याभरात तिच्या दोन्ही गालांवर वांग उतरलं, तळहाताएवढं.

आणि त्याच महिन्यात त्यांच्या वाफ्यातलं मीठ करडं आलं.

सासू पोसाबाय वाईट नव्हती. पण मीठ काळं म्हणजे वर्ष काळं, हे तिला ठाऊक होतं. तिने चूलीपुढे बसून सांगितलं, "चैत्री पुनवेला देवीची पालखी निघते. तोवर वांग गेलं तर गेलं. नाय तर त्या दिवशी डाग द्यायचा. तो नको असंल तर बापाकडं जा."

नामीने गालाला हात लावला. बापाकडे गेली तर दोन भावांची लग्नं अडणार होती, टाकलेली बहीण घरात म्हणून.  दुसऱ्या दिवशी ती धक्क्यावर चांगूआयकडे गेली. चांगूआय होडीत चढत होती. पलीकडच्या गावात दोन बाया अवघडल्या होत्या, न्यायला माणूस आला होता. तिने नामीचा चेहरा उजेडाकडे वळवला, बघितला, कंबरेच्या पिशवीतून बोटाएवढी पिवळट मुळी काढून तिच्या हातावर ठेवली.

"ज्येष्ठमध. रोज सात वेढे. हलक्या हातानं."

एवढं बोलली आणि होडी सुटली.

आता वेढा म्हणजे काय, ते ज्याच्या घरी तान्हं मूल वाढलं त्याला विचारा. दगडी सहाणेवर मुळी एकदा गोल फिरवली की एक वेढा. बाळाच्या गुटीचं माप असंच असतं, हळकुंड दोन वेढे, वेखंड एक वेढा. पण नामीच्या माहेरी गुटी उगाळायला कोणी बाई नव्हतीच. तिला ठाऊक असलेले सात वेढे एकच. वटपुनवेला बायका वडाला सूत गुंडाळतात ते. वटपुनव येते ज्येष्ठात, आणि मुळीचं नाव ज्येष्ठमध. नामीने दोन्ही जोडलं. तिला वाटलं, समजलं.

बांधाच्या टोकाला जुना वड होता. नामीने मुळी पदराच्या गाठीला बांधली आणि रोज भर दुपारी वडाला सात वेढे द्यायला सुरुवात केली. सुताला पैसे नव्हते म्हणून जुन्या लुगड्याचे धागे उसवून घ्यायची. हलक्या हातानं सांगितलंय म्हणून इतकं हळू फिरायची की सात वेढ्यांना दुपार उतरायची. औषधासाठी सासूने तिला घटकाभरही सोडलं नसतं. पण वडाचं व्रत अडवणार कोण? पोसाबाय गप्प राहिली. बाकीच्या बायका मात्र गप्प बसणाऱ्या नव्हत्या.

"काय गो नामे, नवरा गलबतावर गेला म्हणून वडाशी लगीन लावलंस?"

"बरं केलंस बाय, हा तरी जागचा हलत नाय!"

नामी हसायची नाही, थांबायचीही नाही.

महिन्याने चांगूआय परतली. होडीतून उतरली तर बांधाच्या टोकाला वड पांढरा दिसत होता. जवळ गेली. सावलीत नामी, डोक्यावर पदर, हातात धागा, मोजते आहे, पाच, सहा.

"काय करतेस गो?"

"तुम्हीच सांगितलंत ना आये, सात वेढे."

चांगूआय हसली. गावाने तिला त्याआधी कधी हसताना ऐकलं नव्हतं. हसू इतकं मोठं होतं की वाफ्यांतले सगळे बगळे एकदम उडाले आणि तीन दिवस परत बसले नाहीत, असं म्हणतात.

"अगो येडे, वांग तुला झालंय का वडाला?"

नामीला चूक कळली. हातातला धागा गळून पडला. महिना फुकट गेला होता आणि चैत्री पुनव जवळ येत होती. तिचे डोळे भरले. पण चांगूआयने तिची हनुवटी धरून चेहरा वळवला आणि हसणं थांबवलं. बराच वेळ बघत राहिली. वांग गेलं नव्हतं. पण वाढलंही नव्हतं. कडा, ज्या आधी काळ्या रेघेसारख्या होत्या, त्या मऊ झाल्या होत्या.

"सूत सोडू नकोस," चांगूआय म्हणाली. "वांग देतं ते ऊन वडानं अडवलंय. अर्धं औषध त्यानं केलं. उरलेलं अर्धं आपण करू."

तिने झोपडीतली आपली सहाण आणून वडाच्या मुळांत ठेवली. त्यावर शेळीच्या दुधाचा थेंब टाकला, मुळी टेकवली आणि फिरवली. सात वेढे. सहाणेवर पिवळसर गंध उतरलं. ते तिने करंगळीने नामीच्या गालावर लावलं, झोपलेल्या मुलाच्या तोंडावरची माशी उडवावी तसं.

"चोळायचं नाय. डाग काय भांड्याचा नाय, घासून निघायला."

"किती दिवस लागतील?"

"मुळी झिजेल तेवढे."

"ती तर सात वेढ्यांनी झिजल्यासारखी दिसतच नाय."

"मग कळलं तुला," चांगूआय म्हणाली.

बायकांनी गंध चाखून बघितलं. गोड! मग तर चेष्टेला ऊत आला. औषध कडू असावं, झोंबावं, डोळ्यांतून पाणी काढावं. गोड औषधाने रोग जातो तर गुळाने मोडलेलं हाड जोडा की! नामी ऐकत होती आणि रोज वेढे देत होती, वडाभोवती सात आणि सहाणेवर सात. माघ गेला, फाल्गुन गेला.

चैत्री पुनव आली. पोसाबायने अंगणात शेगडी पेटवून विळा निखाऱ्यात घातला आणि सुनेला समोर बसवलं. उजवा गाल एकसारखा झाला होता. डाव्यावर मात्र अजून सावली होती, धुराची असते तेवढी फिकट. पण होती.

"हाय अजून," पोसाबाय म्हणाली. आणि विळा तिने उचलला.

तेवढ्यात चांगूआय अंगणात आली, कडेवर मूल घ्यावं तशी सहाण घेऊन. नामीच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आधी मला दे. दुसऱ्यांदा घ्यायला मी भीत नाय."

आणि तिने डाव्या गालावरचा पदर काढला.

अंगणातल्या कोणीच तो गाल पाहिला नव्हता. डोळ्यापासून हनुवटीपर्यंत जुनी भाजलेली कातडी, वाळून तडकलेल्या वाफ्यासारखी.

"चार बोटं वांग होतं माझं," ती म्हणाली. "सासूनं डाग दिला. ते चार बोटं गेलं, हे आलं. बोल पोसा, ह्यानं मिठाचं भलं झालं? त्या साली मीठ पांढरं आलं होतं का, तुझ्या सासऱ्याला विचार."

पोसाबायचा सासरा ओटीवर बसला होता. गावात सगळ्यांत म्हातारा. सगळे त्याच्याकडे वळले.  तो म्हणाला, "नाय आलं. त्या साली बांधाला खेकड्यांनी भोकं पाडली होती. गाळ आत येत होता. आम्हाला मागनं कळलं."

पोसाबायच्या हातात विळा तसाच लाल. चांगूआयने तिचं मनगट धरलं आणि विळा खाली आणला, सहाणेवर, त्या दिवशीच्या सात वेढ्यांच्या गंधात. चर्र असा आवाज झाला. विळा जागीच गार पडला, आणि गोड वास अंगणातून निघून पालखीच्या वाटेवर गेला. त्या दिवशी भोई म्हणाले, देवी हलकी झाली. तो विळा त्यानंतर कितीही तापवला तरी तापला नाही, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी म्हातारा काठी टेकत बांधावर गेला. खेकड्यांची भोकं सापडली. ती बुजवली आणि पुढचं मीठ पांढरं आलं. काही जण सांगतात, भोकांचं काही नव्हतं, चांगूआयने सहाण वाफ्यात धुतली म्हणून मीठ उजळलं. दोघंही आपापल्या जागी ठाम आहेत. मीठ पांढरं आलं यावर मात्र भांडण नाही.

नामीच्या गालावरची सावली पावसाळ्यापर्यंत विरली. ती गोरी झाली नाही. तिचा मूळचा सावळा रंग तिला परत मिळाला, भरतीने धुतलेल्या वाळूसारखा, एकसारखा. नवरा आला तेव्हा त्याने विचारलं, "मी नसताना काय झालं?" ती म्हणाली, "वडाला विचारा."

चांगूआय पुढे बरीच वर्षं होती. एका वटपुनवेला तिला न्यायला खाडीपलीकडून होडी आली. पलीकडच्यांनी अशी होडी पाठवलीच नव्हती. भरतीबरोबर होडी परत आली तेव्हा तिच्यात कोणी नव्हतं. फक्त सहाण होती आणि सहाणेवरचं गंध ओलं होतं, असं म्हणतात.

ती सहाण आता वडाच्या मुळांत रुतली आहे. वेढे देऊन देऊन तिला मधोमध खळगा पडला आहे. वैशाखातही त्यात थेंबभर ओल असते आणि कडेने मुंग्यांची रांग.

शेवटेखारला आजही मिठाच्या हंगामात, सूर्य डोक्यावर आला की एखादी बाई बांधावरून हाक देते, "वेढेऽऽ!" आणि फावडी खाली पडतात. बाहेरून आलेला मुकादम पहिल्या वर्षी चिडतो, दुसऱ्या वर्षी स्वतःच हाकेची वाट बघतो. सगळे वडाखाली जातात. बायका सूत गुंडाळतात, सात वेढे, सावकाश. गावात त्या वर्षी आलेली नवी सून सहाणेवर मुळी फिरवते आणि प्रत्येकीच्या गालाला करंगळी लावते, वांग असो नसो. आणि आमच्या गावात माणसाला सोडाच, बैलालाही डाग देत नाहीत.

एवढं काल लिहून झालं. ज्या माणसासाठी लिहिलं ती माझी वहिनी. तिचं लग्न यंदा पावसाच्या तोंडावर झालं, मिठाचा हंगाम तिचा हा पहिलाच, तोही अजून सुरू व्हायचा आहे. बांधाच्या डागडुजीत ऊन लागून गालावर वांग आलं म्हणून तिने बाजारातून कसलं तरी मलम आणलं आहे. लावलं की गाल लाल होतो, सालपटं निघतात. ती म्हणते झोंबतंय म्हणजे लागू पडतंय. मी दीर, तिच्या चेहऱ्याबद्दल काय बोलणार?

आज सकाळी उठून मी माळ्यावरची सहाण काढली, धुतली आणि चूलीशेजारी ठेवली. तिच्यावर ज्येष्ठमधाची मुळी ठेवली. वहिनी पाणी भरून आली. आधी सहाणेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हे कशाला, भावजी?"

 "सात वेढे," एवढंच म्हणालो आणि फावडं उचलून निघालो.

बांधापर्यंत गेल्यावर आठवलं, वहिनी डोंगराकडची आहे. परत फिरलो आणि दारातूनच सांगितलं, "दोन्हीकडचे. वडाचेही."