ओर्सोलाचा काढा

जुन्या व्हेनिसमध्ये सनदेशिवाय औषध देणाऱ्याला शहराबाहेर हाकलत. तरी सरदारांच्या झालरीच्या कॉलरी धुणाऱ्या ओर्सोलाने तापाने फणफणलेल्या एका नावाड्याला काढा दिला, आणि तो दोन दिवसांत वल्हं मारू लागला. त्याच नावाड्याला आधीपासून औषध देणारे लाल झग्यातले वैद्यराज लोदोविको संतापले. त्यांनी तिला थेट न्यायाधीशांपुढे उभं केलं.

“ताप माझ्याच औषधाने उतरला,” ते म्हणाले. “हिचा काढा म्हणजे निव्वळ पाणी!”

ओर्सोलाने मान लववली. “सरकार, ते पाणी असेल, तर आजाऱ्याला पाणी पाजणं हा गुन्हा कसा? आणि औषध असेल, तर वैद्यराज आत्ता खोटं बोलले.”

न्यायाधीशांनी तिला सोडून दिलं आणि हळूच विचारलं, “बाई, मलाही चार दिवस ताप आहे. ते पाणी थोडं पाठवाल का?”