शेंदूर लावलेली टाकी

कोणे एके काळी, म्हणजे तुमच्या पणजोबांनाही नीट सांगता येणार नाही इतक्या जुन्या काळी, डोंगराच्या कुशीत एक छोटंसं राज्य होतं. त्या राज्यात एकच मोटार होती. त्या काळी मोटार कुठून आली, असं विचारू नका. गोष्टीत असते, आणि आपण मुकाट्यानं ऐकायचं असतं.

मोटार राजाच्या वडिलांनी आणलेली. ते गेले आणि ती राज्याचं दैवतच होऊन बसली. राजघराण्यात लग्न निघालं की नवरी तिच्यात बसून डोंगरावरच्या देवाला जायची, एवढाच तिचा उपयोग. एरवी ती मोटारखान्यात झाकलेली असायची, आणि किल्ली असायची तिची देखभाल करणाऱ्या हैबतीच्या कमरेला.

हैबती मोठा भाविक माणूस. खंडेनवमीला लोक आपापल्या हत्यारांची पूजा करतात, हा मोटारीची करायचा. त्यातही सगळा मान मागच्या बाजूला लटकणाऱ्या पेट्रोलच्या टाकीला. मोटारीचा जीव तिच्यात आहे, असं त्याचं म्हणणं. राजवाड्यातून आलेला शेंदूर तेलात कालवून तो टाकीला लावायचा, दरवर्षी एक जाडजूड पुट. टाकी मारुतीसारखी लालभडक दिसायची. येणारेजाणारे हात जोडायचे आणि हैबतीची छाती फुगायची.

एकदा टाकीच्या बुडाला ओला डाग दिसला. गावचा तांबट वाड्यात हंडे द्यायला आला होता, त्यानं वाकून पाहिलं आणि वास घेतला.

"हैबतीदादा, टाकी आतून गंजली आहे. उतरवू या खाली. रिकामी करून धुऊ, आत खडी घालून खळाखळा हलवू, गंज सुटेल. मग कथलाचा डाख देऊन भोक बुजवतो. पत्रा शाबूत आहे तोवरच हे जमेल."

"आणि शेंदूर?"

"तो खरवडावा लागेल."

हैबतीच्या अंगाचा तिळपापड झाला. "देवाला छिन्नी लावतोस? हा काय तुझा हंडा आहे?"

"हंडा नाही, म्हणून तर सांगतोय," तांबट म्हणाला. "हंडा गळला तर चूल विझते. ही गळली तर पेटेल."

पण ऐकतो कोण? हैबतीनं डागावर शेंदराचा गोळा थापला. गळती थांबली, आणि स्वारी खूश. मग काय, जिथं ओल दिसेल तिथं शेंदूर. खंडेनवमीची वाटसुद्धा बघेना. राजा चारचौघांत म्हणायचा, "निगा राखावी ती हैबतीनं."

अशात राजकन्येचं लग्न ठरलं. तिला हैबतीनं अंगाखांद्यावर खेळवलं होतं. ती त्याला काका म्हणायची. घरचंच कार्य असल्यासारखा तो राबत होता.

एरवी टाकीत घोटभर पेट्रोल असायचं. त्या दिवशी डोंगर चढायचा होता, म्हणून हैबतीनं ती गळ्यापर्यंत भरली. राजकन्या मागच्या आसनावर येऊन बसली. दोन्ही बाजूंना मशालवाले उभे राहिले, मशाली अजून पेटवायच्या होत्या. हैबतीची बायको निरांजन लावून नवरीला ओवाळायला निघाली.

निघण्याआधी नमस्कार करावा म्हणून हैबतीनं टाकीला दोन्ही हात लावले. हाताखाली काहीतरी हललं. बघता बघता शेंदराचं अख्खं कवच सुटून त्याच्या हातात आलं, आणि पेट्रोल भळाभळा त्याच्या पायांवर सांडलं.

त्यानं पाहिलं. कवचामागं टाकी असायला हवी होती. तिथं टाकी नव्हतीच. नुसते तपकिरी पापुद्रे लोंबत होते, बोट लावलं तर भुगा. म्हणजे इतके दिवस पेट्रोल पत्र्यानं धरलंच नव्हतं. ते शेंदरानं धरलं होतं.

पेट्रोलचा ओघळ फरशीवरून पुढं सरकत होता, आणि समोरून बायको तेवतं निरांजन घेऊन येत होती. हैबतीला ओरडायचं होतं. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. हातात ते लाल कवच धरून तो मढ्यासारखा उभा राहिला.

बायकोनं आधी त्याचा चेहरा पाहिला. मग तिला वास आला. ती जागीच थांबली, पेटती ज्योत तिनं मुठीत चिरडली आणि हळूच म्हणाली, "बाईसाहेब, खाली उतरा. लगेच उतरा."

राजकन्या उतरली. तिच्या शालूची किनार पेट्रोलमध्ये भिजली होती. सनई थांबली. मशालवाले एकमेकांकडे बघत मागं मागं सरकले.

राजा जवळ आला. त्यानं त्या पापुद्र्यांकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"हैबती, आमच्या लेकीला तू यात बसवलं होतंस?"

"महाराज," हैबती कसाबसा म्हणाला, "मी पूजा कधी चुकवली नाही."

"पूजा चुकवली नाहीस. आत कधी पाहिलंस का?"

"नाही महाराज."

राजानं त्याच्या हातातलं लाल कवच घेतलं. "शेंदूर आमच्याच वाड्यातून येत होता," तो म्हणाला. "कौतुकही आम्हीच करत होतो. दोष तुझ्या एकट्याचा नाही. पण किल्ली आता तुझ्याकडे राहणार नाही."

किल्ली तांबटाकडे गेली. त्यानं टाकी निरखली आणि मान हलवली. डाख द्यायला पत्राच उरला नव्हता. राजकन्या देवाला पायी गेली, आणि मोटार पुन्हा कधी रस्त्यावर आली नाही.

घरी आल्यावर हैबतीनं बायकोची मूठ उघडून पाहिली. तळहात पोळला होता, मोठा फोड आला होता. तेव्हा मात्र तो पोराटोरांसारखा रडला.

तात्पर्य: जे आपल्याला प्राणाहून प्रिय असतं, त्याला वरून सजवत बसू नये, धीर करून आधी आतून तपासावं.