पडायला शिकलेला मल्ल

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही.

त्या राज्यात डोंगराच्या पायथ्याशी एक तालीम होती. तिचे वस्ताद म्हातारपणाला टेकलेले, मिशा पांढऱ्याशुभ्र झालेल्या. पण त्यांनी शड्डू ठोकला की गल्लीतली झोपलेली कुत्री अजूनही दचकून उठत. त्यांच्या हाताखालून कितीतरी मल्ल तयार होऊन गेले होते. हौस मात्र एक राहून गेली होती. चैत्रात राजाच्या मैदानात कुस्त्या होत आणि जिंकणाऱ्याला चांदीची गदा मिळे. ती गदा या तालमीत कधी आलीच नव्हती. बाजारात कुणी हसत हसत "काय वस्ताद, यंदा तरी?" असं विचारलं की ते त्यांच्या जिवाला लागायचं.

तालमीची एक जुनी रीत होती. नवा गडी आला की पहिलं वर्षभर त्याने कुस्ती खेळायची नाही. आखाड्यातली लाल माती चाळायची, तिच्यात ताक, हळद आणि तेल कालवायचं, रोज फावड्याने खणून ती मऊ करायची आणि त्याच मातीत पडायला शिकायचं. आधी बसून, मग उभ्याने, मग दुसऱ्याने उचलून टाकल्यावर. बाहेरचे लोक टवाळी करत. कुस्ती शिकायला गेला आणि नुसता आपटून घेतोय, असं म्हणत. पोरंही कुरकुरत, पण कुरकुरत का होईना, शिकत. म्हणूनच त्या तालमीत कुणाचं हाड मोडल्याचं कधी ऐकू यायचं नाही.

एका दिवाळीनंतर तिथे एक धनगराचा गडी आला. तरणाबांड, दाराच्या चौकटीत मावेना असा. मेंढ्यांमागे डोंगर चढून त्याच्या मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या. गंमत म्हणून त्याला एका जुन्या मल्लाशी झोंबायला लावलं, तर त्याने मल्लाला उचलून अलगद बाजूला ठेवलं. वस्ताद बघतच राहिले. खरं सांगायचं तर त्यांना समोर गडी दिसलाच नाही, त्यांना दिसली ती गदा.

चैत्र चार-पाच महिन्यांवर आला होता. रीत पाळायची तर हा गडी पुढच्या वर्षीच मैदानात उतरणार. आणि पुढच्या वर्षी आपण असू की नसू, असं वस्तादांच्या मनात आलं. त्यांनी रीत बाजूला ठेवली. धनगराला फावडं दिलंच नाही. थेट डाव शिकवायला घेतले. गडी हुशार होता. दाखवलेला डाव तो दुपारपर्यंत उचलायचा आणि संध्याकाळपर्यंत तालमीतल्या सगळ्यांना लोळवायचा. त्याला पाडणं मात्र कुणालाच जमत नव्हतं.

तालमीत एक कोष्टी होता. अंगाने काटकुळा, मागावर बसून पाठीला थोडा बाक आलेला. मोठी कुस्ती त्याने जन्मात मारली नव्हती. पण नव्या गड्यांना पडायला शिकवायचं काम वर्षानुवर्षं त्याच्याकडेच होतं. एक दिवस तो वस्तादांजवळ येऊन हळूच म्हणाला, "वस्ताद, ह्याला पडायला कधी शिकवायचं?"

वस्ताद हसले. "आरं, त्याला पाडणारा अजून जन्माला यायचाय!"

कोष्टी परत मातीकडे वळला. वस्तादांपुढे जास्त बोलायची त्याची टाप नव्हती.

चैत्र उजाडला. मैदान माणसांनी फुलून गेलं, हलगी कडाडू लागली. धनगरासमोर उभा राहिला तो शेजारच्या राज्यातला, चाळिशीकडे झुकलेला, बुटका, भरीव मल्ल. लोक हसायला लागले. सलामी झाली, आणि धनगर पुढे झेपावला न झेपावला तोच बुटक्या मल्लाने ढाक लावली, त्याची मान बगलेत धरून त्याला कमरेवरून फेकलं. धनगराचे पाय जमिनीवरून सुटले. आयुष्यात पहिल्यांदाच तो पडत होता, आणि काय करायचं ते त्याच्या अंगाला ठाऊक नव्हतं. घाबरून त्याने हात ताठ करून जमिनीकडे टाकला. सगळा भार त्या एका हातावर आला आणि कोपर निखळलं.

हलगी थांबली. बुटका मल्ल जिंकला होता, पण त्याने हात वर केले नाहीत. तो धनगराजवळ गुडघे टेकून बसला आणि धावत आलेल्या वस्तादांना म्हणाला, "गडी वाघ हाय, वस्ताद. पन ह्याची मातीशी गाठ घालून द्यायची र्‍हायलीया."

वस्तादांनी मान खाली घातली. ती पुष्कळ दिवस वर आली नाही.

हाडवैद्याने कोपर बसवून दिलं, बांबूच्या कांब्या बांधल्या. हाडाचं काम झालं, पण धनगर काही तालमीकडे फिरकेना. शेवटी वस्ताद स्वतःच डोंगर चढून गेले. गडी मेंढ्यांजवळ बसला होता, हात गळ्यात अडकवलेला. त्याची आई पुढे आली. वस्तादांच्या हातात तिने ताकाचा पेला दिला, कारण दारात आलेल्याला पाणीसुद्धा न विचारणारी ती बाई नव्हती. मग म्हणाली, "वस्ताद, तुम्ही माझ्या पोराचं बळ बघितलंत. पोरगं बघितलं न्हाईत."

वस्तादांनी ताकाचा पेला खाली ठेवला.

धनगर खाली बघत म्हणाला, "चूक माझीच हाय. मीच कच्चा निघालो. तुमची गदा घालवली."

"न्हाई रं लेकरा," वस्ताद म्हणाले. "कच्चा तू न्हाईस, कच्चं शिकवनं माझं. घाई मला झालती आन् कोपर तुझं गेलं. तुझ्या आईसमोर सांगतो, चूक माझी हाय."

गड्याने वर बघितलं. एवढे दिवस त्याला वाटत होतं की आपल्यातच काही खोट आहे. वस्तादांच्या या शब्दांनी त्याच्या छातीवरचा मोठा धोंडा उतरला. तरी तो म्हणाला, "हात बरा हुईल वस्ताद. पन अंगात भ्या बसलंय. साध्या उतारावरबी पाय थरथरत्यात. मला परत मातीत उतरायला जमायचं न्हाई."

"नको उतरू. नुसता ये. कोष्ट्यासंगं माती चाळत बस."

आता या भीतीचं काय होणार, हीच वस्तादांची खरी काळजी होती. गदा त्यांच्या मनातून कधीच उतरली होती. एवढा गुणी गडी आपल्यामुळे आयुष्यभर जमिनीला भिऊन चालेल, या विचाराने त्यांना घास गोड लागत नव्हता.

धनगर आला. माती चाळू लागला. हाताच्या कांब्या सुटल्यावर फावडं चालवू लागला. कोष्ट्याने त्याला कुस्तीचं नावही काढू दिलं नाही. एके सकाळी तो सहज म्हणाला, "बसल्या बसल्याच कलंड की जरा. हनुवटी छातीला लाव. हात पोटाशी घे. आन् श्वास धरू नगंस, सोड."

धनगर कलंडला. काहीच झालं नाही. पुन्हा कलंडला. मऊ माती त्याच्या खांद्याला लागली, पाठीवरून गेली आणि तो पुन्हा उठून बसला. लहान पोरासारखा तो खदखदून हसला. दारात उभ्या असलेल्या वस्तादांनी ते हसू ऐकलं आणि उपरण्याने डोळे पुसले.

मग तो ओणव्याने पडायला शिकला, मग उभ्याने, मग पळता पळता. कोष्टी त्याला शंभर तऱ्हांनी पाडायचा आणि तो उठायचा. जमीन आपली वैरी नाही, हे त्याच्या डोक्याला नंतर कळलं, अंगाला आधी कळलं.

पुन्हा चैत्र आला. पुन्हा तोच बुटका मल्ल, आणि पुन्हा तीच ढाक. धनगराचे पाय सुटले. वस्तादांनी डोळे गच्च मिटले. लोकांच्या आरोळीने उघडले, तेव्हा गडी खांद्यावरून लोळण घेऊन, पाठ जमिनीला लागायच्या आत उभा राहिला होता. बुटक्या मल्लाने पाय ओढून पट काढला, धनगर पडला, पाठ टेकू न देता उठला. पुन्हा पडला, पुन्हा उठला. आणि जो पडायला भीत नाही तो डाव टाकायलाही भीत नाही, म्हणून त्यानेही बुटक्या मल्लाचा घाम काढला. सूर्य डोंगराआड गेला, तेव्हा पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. गदा कुणालाच मिळाली नाही.

लोक हळहळले. वस्ताद मात्र आखाड्यात धावले आणि आधी त्यांनी गड्याचं कोपर चाचपून पाहिलं. ते धड होतं. मग त्यांनी आपल्या डोक्यावरचा फेटा काढला, गर्दीत मागे उभ्या असलेल्या कोष्ट्याला हाताला धरून पुढे आणलं आणि तो फेटा त्याच्या डोक्यावर बांधला.

कोष्टी ओशाळला. "वस्ताद, म्या काय केलं? कुस्ती तर त्यानं केली."

"बळ त्याला देवानं दिलं, डाव म्या दिले," वस्ताद म्हणाले. "पन माझं लेकरू आज धडधाकट घरी जातंय, ते तुझ्यामुळं. तुझे उपकार मी कसे फेडू?" आणि सगळ्या मैदानासमोर त्या म्हाताऱ्या वस्तादांनी आपल्याच शिष्याला हात जोडले. धनगराने तर कोष्ट्याच्या पायांवर डोकंच ठेवलं.

ती गदा पुढे कधी त्या तालमीत आली की नाही, कुणास ठाऊक. पण एवढं खरं, की त्यानंतर राजाचा पुतण्या कुस्ती शिकायला आला, आणि वस्तादांनी त्याच्याही हातात आधी फावडंच दिलं.

बोध: बळाचं कौतुक सगळे करतात, पण ज्याने आपला पाया घातला त्याचे उपकार सर्वांत आधी मानावेत, कारण पडल्यावर आपल्याला तोच सावरतो.